ताटाची डावी बाजू

आमच्या अण्णांना ताट चुकीचं वाढलं की कळायचंच. घास तोंडात जायच्या आधी ते एकदा नजर फिरवायचे. वर मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. समोर वरणभात. चटणी-कोशिंबिरीच्या त्या सगळ्या लवाजम्याला ते 'डावी बाजू' म्हणायचे. "आज डावी बाजू झकास जमलीय," असं म्हणाले की माझी सासू खूश व्हायची. मी मात्र मनात म्हणायची, बाप्पा, जेवायचंय की परीक्षा घ्यायचीय!

मी मानसी, नागपूरची. लग्न होऊन भोपाळला आले त्याला एकवीस वर्षं झाली. इथल्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. शिवाजी नगरातलं हे क्वार्टर माझ्या नावावर आहे, आणि ते मी भांडणात दोन-तीनदा बोलूनही दाखवलंय. माझी जीभ तिखट आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना कोणाला वाटायला नको की मी स्वतःला फार साधी दाखवतेय.

अण्णा म्हणजे माझे सासरे, नरहर. बाविसाव्या वर्षी साताऱ्याहून इथल्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि अडतीस वर्षं एकाच टेबलावर वाकून नकाशे काढत बसले. पेन्सिल ब्लेडनं तासायचे, शार्पनर कधी वापरला नाही. हातानं लिहिलेलं अक्षर छापल्यासारखं. घरात खिळा ठोकायचा तरी आधी भिंतीवर पट्टी लावायचे. वर्षाचा गहू घ्यायला स्वतः करोंदच्या मंडीत जायचे आणि दाणा चावून बघितल्याशिवाय पोतं उचलू द्यायचे नाहीत. आमच्या मंडळात गणपतीची पंगत असली की सकाळीच खडू घेऊन हॉलमध्ये हजर. फरशीवर रेघा आखायचे, त्या रेघेवर पानं मांडायची. लोक हसायचे, पण रेघेवरच बसायचे.

माझ्यावरही त्यांचा जीव होता, खोटं कशाला बोलू. आठवीला मेंदूचा पाठ असतो. एकदा मी घरी कुरकुरले, की शाळेतला तक्ता उंदरांनी खाल्ला. अण्णांनी चार दिवस बसून मला नवीन काढून दिला. प्रमस्तिष्क, म्हणजे मोठा मेंदू, त्याचे चार खंड चार रंगांत. कपाळामागचा विचार करणारा, कानाशी ऐकणारा आणि आठवणारा, मागचा बघणारा, आणि वरच्या बाजूचा तो चौथा, ज्याच्याबद्दल पुस्तकात दीड ओळ आहे: स्पर्श आणि जागेची जाणीव. खाली अनुमस्तिष्क, तोल सांभाळणारा. त्याखाली मेडुला, श्वास आणि हृदय चालवणारा. मला विचारलं, "मानसी, ही जागेची जाणीव म्हणजे नक्की काय गं?" मी म्हणाले, "अण्णा, परीक्षेत एक मार्काला येतं. इतकं खोलात कोणी जात नाही." मलाच माहीत नव्हतं, पण तसं सांगायला कमीपणा वाटला.

आता मूळ गोष्टीवर येते.

मागच्या वर्षी गणपतीत, रविवारी मंडळाची पंगत होती. मी वाढायला होते. रांगेच्या उलट्या टोकाकडून सुरुवात केली आणि घाईत पाच-सहा पानांवर कोशिंबीर उजवीकडे पडली. अण्णा पंगतीत मधोमध बसलेले. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "मानसी, डावी बाजू डावीकडे असते गं. का नागपूरला वेगळी असते?" अख्खी पंगत हसली. माझा नुसता तिळपापड झाला. परत येताना ऑटोत मी तोंड सोडलं. म्हणाले, "माझ्या हातचं आवडत नसेल तर तसं सांगा. उद्यापासून वाढणारच नाही तुमची डावी बाजू!" अण्णा म्हणाले, "अगं, गंमत केली." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. प्रसाद, माझा नवरा, पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याला अशा वेळी ऐकू येत नाही.

मंगळवारी मी शाळेतून आले. माझी शाळा सकाळची, एक वाजता मी घरी असते. प्रसाद सातलाच मंडीदीपला कारखान्यात जातो, तो संध्याकाळी सातला उगवतो. सासूबाई गेल्यापासून दुपारच्या जेवणाला मी आणि अण्णा, दोघंच; रात्री अण्णा नुसता दूधभात खायचे. ताट वाढलं. अण्णांनी नजर फिरवली आणि म्हणाले, "आज कोशिंबीर नाही का?"

कोशिंबीर समोर होती. काकडीची, दाण्याचा कूट घातलेली, चटणीच्या खाली, जिथे असायला पाहिजे तिथेच.

मला वाटलं, झालं सुरू. रविवारची गंमत अजून संपली नाही म्हाताऱ्याची. मी म्हणाले, "बघा नं नीट." त्यांनी बघितलं, आणि गप जेवले. उठले तेव्हा भाजी संपलेली, आमटी संपलेली, भातसुद्धा उजवीकडचा खाल्लेला. डावीकडे सगळं जसंच्या तसं. लिंबाला हात नाही, चटणीला बोट नाही.

बुधवारी तेच. "चटणी संपली का गं?" चटणी ढळढळीत समोर. गुरुवारी त्यांनी विचारलंच नाही. शुक्रवारी, शनिवारी नुसतं खाली बघून जेवले, आणि रोज डावी बाजू माझ्यासाठी ठेवून उठले. मी ते उष्टं कचऱ्यात टाकताना भांडी आपटायची. मला वाटायचं, काय माणूस आहे! पाच-सहा पानांची चूक झाली, तर पाच दिवस शिक्षा?

आणि बाकीचंही मी बघत होते. खोटं कशाला बोलू, सगळं बघत होते. दाढी केली ती उजव्या गालाची. डावा गाल पांढऱ्या खुंटांचा तसाच. मला वाटलं, चार लोकांना दाखवायचंय, सुनेच्या राज्यात म्हाताऱ्याकडे कोणी बघत नाही. स्वयंपाकघराच्या दारात डावा खांदा आपटला, दोनदा. मला वाटलं, रागानं चालतात. पेपर वाचताना म्हणाले, "हल्ली बातम्या अर्ध्याच छापतात, वाक्याला सुरुवातच नसते." मी म्हणाले, "मग संपादकांना पत्र लिहा." त्याच आठवड्यात मी आठवी 'ब'ला तोच पाठ शिकवत होते, त्यांच्याच तक्त्यावर छडी ठेवून. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू सांभाळते, हे पोरांकडून तीनदा म्हणून घेतलं.

रविवारी मी डावी बाजू वाढलीच नाही. मीठ ठेवलं आणि उजवीकडचं सगळं वाढलं. प्रसाद शेजारी बसला होता. म्हणाला, "अण्णांना चटणी नाही?" मी म्हणाले, "त्यांना नकोय." अण्णांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि परत खाली घातली. मला वाटलं, जिंकले मी. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस तेच ताट.

गुरुवारी दुपारी दीड वाजता ते माझ्यासमोर पडले. खुर्चीतून उठले, डावा पाय आलाच नाही, आणि आडवे झाले. डावा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारच्या शारदाताईंनी त्यांची गाडी काढली. अर्ध्या तासात आम्ही एका खासगी इस्पितळात होतो.

तिथला तरुण डॉक्टर घड्याळ बघून बोलत होता. "मॅडम, कितने बजे?" मी म्हणाले, "डेढ़ बजे." "अच्छा है, टाइम है हमारे पास." मग त्यानं समजावलं. मेंदूत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, लवकर दिलं तर हात-पाय वाचू शकतात. पण आधी थोड्या दिवसांत असा झटका येऊन गेला असेल, तर तेच इंजेक्शन मेंदूत रक्तस्राव करतं. म्हणून तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "सोचके बताइए. पिछले दिनों में कुछ अजीब? चलने में, खाने में, देखने में?"

एका क्षणात सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. कोशिंबीर, गाल, दार, पेपर. विज्ञानाची बाई आहे मी, मला तेव्हा कळलं. पूर्ण कळलं. आणि मी म्हणाले, "नहीं. बिलकुल ठीक थे."

का म्हणाले? हजारदा विचारलंय स्वतःला. घाबरले होते, हे खरं. पण कशाला घाबरले? अण्णांच्या जिवाला नाही. नऊ दिवस बघून गप्प बसले हे लोकांना कळेल, याला घाबरले. त्यांचा जीव पलीकडे होता आणि माझी अब्रू अलीकडे, आणि मी अब्रू उचलली.

इंजेक्शनची तयारी चालू झाली. नर्सनं हाताला सुई लावून ठेवली. मी तिथेच उभी, तोंड शिवल्यासारखी. अण्णांना स्कॅनला नेलं, तेवढ्यात प्रसाद मंडीदीपहून धापा टाकत पोहोचला. डॉक्टर फोटो हातात घेऊन बाहेर आला, तो चिडलेला होता. "इंजेक्शन कॅन्सल. राइट साइड में पुराना पैच है, आठ-दस दिन का. दे देते तो ब्लीडिंग हो जाती. घर में इनके साथ रहता कौन है? किसी ने कुछ देखा नहीं?"

प्रसाद म्हणाला, "मेरी वाइफ रहती हैं. वो साइंस की टीचर हैं सर, कुछ होता तो इनके ध्यान में आ जाता."

मी मान हलवली. हो म्हणून. दुसऱ्यांदा.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात न्यूरोच्या डॉक्टर आल्या, पन्नाशीच्या, अमरावतीच्या, मराठी बोलणाऱ्या. अण्णांना कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "काका, घड्याळ काढा." अण्णा म्हणाले, "कंपास नाही?" हातानंच वर्तुळ काढलं, असं गोल की बाई बघत राहिल्या. मग आकडे घातले, तेच छापील अक्षर. बारा, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि पेन्सिल खाली ठेवली. बाई म्हणाल्या, "झालं?" अण्णा म्हणाले, "झालं की."

मग जेवणाचं ताट आलं. अण्णा उजवीकडचं जेवले आणि थांबले. बाईंनी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. अण्णा दचकले. "अरे वा, कोशिंबीर पण आहे की!" म्हणाले, आणि लहान मुलासारखी सगळी चाटूनपुसून खाल्ली. गाजराची होती, फिकट, कूट नाही, फोडणी नाही. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

बाईंनी नंतर मला समजावून सांगितलं. मेंदूचा उजवा वरचा खंड, तोच, दीड ओळीचा. अण्णांचे डोळे चांगले आहेत. डोळे सगळं पाठवतात. पण डावीकडे लक्ष द्यायचं काम ज्याचं, तोच खंड निकामी झालाय. "त्यांना डावीकडे अंधार दिसतो असं नाही हं," त्या म्हणाल्या. "अंधार दिसला असता तर त्यांनी तक्रार केली असती. त्यांच्यासाठी तिथे काही नाहीच. आणि काही नाही, हेही त्यांना कळत नाही. म्हणून घरच्यांनी बघायचं असतं." मी विचारलं, "पहिल्या दिवशी आणलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "गोळ्या सुरू झाल्या असत्या. दुसरा झटका कदाचित टळला असता. कदाचित." तो 'कदाचित' मी त्या दिवसापासून घेऊन फिरतेय. शाळेत मेंदूचा पाठ आता मी दुसऱ्या बाईंना देऊन टाकलाय.

अण्णा घरी आले. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. कधीकधी त्याच्याकडे बघून म्हणायचे, "हा कोणाचा हात इथे ठेवलाय?" मग मीच लाजल्यासारखी हात उचलून नीट ठेवायची. मी त्यांचं सगळं करते. अंघोळ, दाढी, दोन्ही गालांची. लोक म्हणतात, "मानसीसारखी सून मिळायला भाग्य लागतं." मंडळात तर माझा सत्कार करायचं चाललं होतं. मी इतकी भडकले की परत कोणी नाव काढलं नाही.

सांगायचं होतं. रोज ठरवायची, आज सांगते. पण मी बसायची त्यांच्या डावीकडे. मला माहीत होतं, तिथे बसलं की ते माझ्याकडे बघत नाहीत. पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलायची. अण्णा उजवीकडे मान वळवून रिकाम्या भिंतीला विचारायचे, "कोण? मानसी का?" मी म्हणायची, "काही नाही, पाणी देऊ?" चार महिने मी असं केलं. त्यांच्या आजाराचाही फायदा घेतला मी.

मग संक्रांतीनंतरच्या रविवारी, सकाळी, ते बाहेर उन्हात बसले होते. प्रसाद त्यांच्या पायाशी बसून नखं कापत होता. मी उठून त्यांच्या उजवीकडे गेले, वेताचा मोढा ओढला आणि समोर बसले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, "बस गं."

मी एका दमात सांगितलं. न थांबता, न रडता, कारण रडले असते तर त्यांनी मलाच समजावलं असतं. कोशिंबीर रोज वाढत होते, तुम्ही खात नव्हतात, मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय. गाल बघितला, खांदा बघितला. डॉक्टरनं विचारलं तेव्हा सगळं कळलं होतं, तरी खोटं बोलले. ते इंजेक्शन दिलं असतं तर तुम्ही गेला असतात. प्रसादचा नेलकटर थांबला. त्यानं मान वर केली नाही.

अण्णा म्हणाले, "तू वाढत होतीस?"

"हो."

"रोज?"

मला वाटलं ते रागावतील. मला रागावून हवं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आणि मी काय काय समजलो गं. ऑटोत म्हणाली होतीस नं, वाढणार नाही. मला वाटलं, पोरीनं शब्द खरा केला. दोन दिवस मागून बघितलं, मग म्हटलं, नको, आपलंच तोंड वाईट, चार लोकांत हसं केलं तिचं. पण मनात राग धरला मी तुझ्यावर. तू वाढत होतीस आणि मी राग धरून जेवत होतो. मला माफ कर." आणि त्यांनी तो एक चालता हात कपाळाला लावला.

तिथे मी थांबू शकले असते. सांगून झालं होतं, आणि उलट माझीच माफी मागितली जात होती. प्रसाद बघत होता. मी अण्णांचा हात कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, "अण्णा, पाच दिवस वाढलं. रविवारपासूनचे चार दिवस नाही वाढलं. तेव्हा मी खरंच वाढलं नव्हतं. तुम्हाला वाटलं ते खरं होतं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू सैल झालं. प्रसादकडे वळले, माझ्याकडे वळले, आणि इतक्या दिवसांत ऐकला नव्हता अशा मोकळ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे ते चार दिवस तरी मला बरोबर दिसत होतं."